परदेशातल्या अनाथ आणि निराधार मुलांसाठी कोल्हापुरातून काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची संस्था कोल्हापूरची आणि काम नेपाळच्या सुदूरपश्चिम डोंगरी भागातलं. आई किंवा वडील, किंवा दोघंही नसलेली, आजीजवळ, काकाजवळ राहणारी मुलं शाळेत टिकावीत आणि आपल्याच माणसांत वाढावीत, एवढंच आम्ही पाहतो. ऑफिसात, फोनवर आणि लग्नाच्या पंगतीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. कायद्याबद्दल लिहिलंय ते आमच्या अनुभवापुरतं. कुठेही सही करण्याआधी आपल्या सीएंना विचारा.

इथलीच पोरं कमी पडली म्हणून नेपाळला चाललाय काय?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि बहुतेक वेळा रागानं येतो. राग रास्त आहे. इथल्या मुलांची गरज संपलेली नाही.

पण इथल्या मुलासाठी ठोठावायला निदान दार आहे. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, हप्ते रखडतात, पण योजना आहे. २०१८ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे. जिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे, मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर आहे. तुमच्या गल्लीत असं मूल असेल तर आधी तिकडे जा, आमच्याकडे येऊ नका.

नेपाळच का, तर अछाम, डोटी, बझाङ, बाजुरा या जिल्ह्यांतली पुरुषमाणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आणि महाराष्ट्रात कामाला येतात. सोसायटीचा वॉचमन, हॉटेलातला भांडीवाला, चायनीजच्या गाडीवरचा पोरगा. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. याच येण्याजाण्यातून एचआयव्हीही त्या डोंगरात पोचला. अछाममध्ये त्यानं किती बायका विधवा झाल्या आणि किती पोरं पोरकी झाली, यावर बरंच लिहिलं गेलंय. आपल्या राज्यात राबून गेलेल्या माणसांची ही मुलं आहेत. त्यांना परकं म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

आणि कोल्हापूरला हे नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात शहराशेजारी वळिवड्याला राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती, अनाथही होते. जामनगरजवळ बालाचडीला नवानगरच्या जामसाहेबांनी ज्या पोलिश मुलांना आसरा दिला होता, त्यांतली बरीच नंतर इथंच आली. बराकी होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, आणि शाळा पोलिश भाषेतल्या होत्या. पुढे त्याच जागी फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित वसले. आज आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर. महावीर उद्यानात त्या पोलिश मंडळींचं स्मारक आहे. फिरायला गेलात तर जरा थांबून वाचा.

आश्रम का बांधत नाही? जागा द्यायला लोक तयार आहेत.

जागा द्यायला, खोली बांधून द्यायला, कोनशिला बसवायला लोक नेहमीच तयार असतात. आजीच्या घराला पत्रा घालून द्यायला मात्र कोणी पुढे येत नाही, कारण पत्र्यावर नाव कोरता येत नाही. हे थोडं बोचरं वाटेल, पण देणग्यांचा कल आम्ही जवळून बघतो.

आश्रम न बांधण्याची कारणं मात्र गंभीर आहेत. जगभरच्या अनाथाश्रमांतल्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांचे आई किंवा वडील, किंवा दोघंही, हयात असतात, असं सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेनं २००९ च्या अहवालात मांडलं. नेपाळमध्ये तर याचा धंदाच झाला. १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात दलाल हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांत जायचे. ‘पोराला काठमांडूत शिकवतो, लढाईपासून लांब ठेवतो’ असं सांगून आईबापांकडून पैसे घ्यायचे, मुलं घेऊन यायचे आणि कागदोपत्री त्यांना अनाथ करायचे. बालगृहं कुठे उभी राहिली हे नकाशावर बघा: काठमांडू, ललितपूर, पोखऱ्याचा कास्की जिल्हा, चितवन. गरिबी डोंगरात आणि अनाथाश्रम पर्यटकांच्या वाटेवर! २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर हेच पुन्हा होईल या धास्तीनं नेपाळ सरकारनं आईवडिलांविना मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर आणि नवीन बालगृहांच्या नोंदणीवर बंदी घातली.

दुसरं कारण मुलाच्या मेंदूचं. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या एका अभ्यासात अनाथालयातल्या १३६ लहानग्यांची निम्मीनिम्मी विभागणी केली. निम्मी मुलं पालक कुटुंबांत ठेवली, बाकीची होती तिथंच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसाशी नातं जोडणं, सगळंच पुढे गेलं. जितक्या लहानपणी गेली, तितकं जास्त. आश्रमात पगारी मावश्या पाळीपाळीनं येतात, नोकरी सोडून जातात. मूल कितीदा नव्यानं जीव लावणार?

कायदेही हेच सांगतात. नेपाळच्या २०१८ च्या बालकविषयक कायद्यात क्रम ठरवून दिलाय: आधी आईकडचे किंवा वडिलांकडचे नातेवाईक, मग सांभाळायला तयार असलेलं दुसरं कुटुंब, मग कुटुंबासारखी सोय करणारी संस्था आणि अगदी शेवटी बालगृह. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे.

ज्याला खरोखरच कुणी नाही असं मूल असतं. त्याच्यासाठी तिथली पालिका आणि तिथली नोंदणीकृत बालगृहं आहेत. त्यांतल्या चांगल्यांना मदत करायला हरकत नाही. पण कोल्हापुरातून आम्ही तिथे नवी इमारत उभी करणार नाही. खाट रिकामी राहिली की ती भरायला मूल शोधलं जातं, हे आम्ही तिथे पाहिलंय.

मग शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली ती चुकीची का?

अजिबात नाही! १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात झाली, पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी रांगच लागली. आमच्या मंडळींतल्या निम्म्यांच्या घरात कुणी ना कुणी बोर्डिंगात राहून शिकलेलं आहे.

फरक एवढाच की बोर्डिंगातल्या मुलाला गाव होतं. सुगीला, दिवाळीला ते घरी जायचं. आईबाप आईबापच राहायचे, शाळा फक्त शहरात होती. आजही नेपाळात दहावीनंतरच्या शिक्षणासाठी मोठ्या मुलाला तालुक्याच्या गावी राहावं लागलं तर आम्ही वसतिगृहाचा खर्च देतो. सहा वर्षांच्या पोरीला आजीपासून उचलून आणणं ही वेगळी गोष्ट.

मदत नेमकी कशाची करता?

नेपाळात सरकारी शाळेची फी कायद्यानं माफ आहे. तरी परीक्षा शुल्क, गणवेश, वह्या, बूट, थंडीचं स्वेटर यात घर मोडतं. हा खर्च आम्ही देतो. सांभाळणाऱ्या आजी-काकांना महिन्याला ठरावीक रक्कम, किंवा एकदाच शेळ्या, शिलाई मशीन, घराची डागडुजी. औषधपाणी.

पण आमच्या मते सगळ्यात मोलाची मदत कागदांची आहे. जन्मदर्ता म्हणजे जन्माची नोंद, ती वडा कार्यालयात, म्हणजे तिथल्या वॉर्ड ऑफिसात होते. वडिलांचा मृत्यू भारतात झाला असेल, दाखला मिळाला नसेल, आई दुसरीकडे गेली असेल, तर हा साधा कागदही अडतो. जन्मदर्ता नाही तर सोळाव्या वर्षी नागरिकतेचं प्रमाणपत्र नाही, आणि ते नाही तर बँकेत खातं नाही, नोकरी नाही, पासपोर्ट नाही. साथी संस्थेचा, म्हणजे तिथे आमच्याबरोबर काम करणाऱ्या नेपाळी संस्थेचा, कार्यकर्ता एका मुलासाठी वडा कार्यालयात वर्षभर हेलपाटे घालतो. मुंबईतल्या रुग्णालयातून किंवा महापालिकेतून मृत्यूचा दाखला काढायचा असेल तर ते काम आम्ही इथून करतो. कोल्हापुरात बसून जे खरोखर आपल्यालाच जमतं, ते हे. याला पैसे फार लागत नाहीत, माणूस मात्र चिवट लागतो. देणगीदार मात्र याबद्दल कधी विचारत नाहीत.

मुलं कोण निवडतं?

आम्ही नाही. तिथल्या पालिकेचा बालकल्याण अधिकारी, वडा कार्यालय, शाळेचे मुख्याध्यापक आणि साथी संस्था मिळून यादी करतात. आम्ही प्रश्न विचारतो. जात, धर्म, मुलगा-मुलगी यावर कोणतीही अट चालत नाही. ‘आमच्या पैशातून फक्त हुशार मुलगा’ अशी अट आली तर पैसे परत करतो.

पैसे पाठवता कसे? हवालाबिवाला नाही ना?

बँकेतून, रुपयांत, संस्थेच्या खात्यातून साथी संस्थेच्या खात्यात. फेमा कायद्याखाली नेपाळ आणि भूतानमधल्या माणसांशी व्यवहारासाठी परकीय चलन मिळत नाही. तिकडचे व्यवहार आपल्या रुपयातच होतात. एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर चढला-उतरला तरी आमचं अंदाजपत्रक हलत नाही. व्यक्तीनं व्यक्तीला पाठवायचं तर भारत-नेपाळ रेमिटन्स योजनेत एका वेळी २ लाखांपर्यंत रक्कम जाते. संस्थेनं मात्र पाठवण्याआधी बँकेला हेतू, करारपत्र आणि ठराव दाखवून लेखी विचारून घ्यावं. शाखेत विचारलं तर तीन जण तीन उत्तरं देतात. परकीय व्यवहार बघणाऱ्या शाखेकडे जा.

दुसऱ्या देशात, समजा केनियात, एखाद्या व्यक्तीला स्वतःच्या खिशातून देणगी पाठवायची असेल तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. ही सवलत व्यक्तींना आहे, ट्रस्टला नाही. ‘अध्यक्षांच्या नावानं पाठवू, नंतर बघू’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. ऐकू नका.

तिकडच्या बाजूलाही कायदा आहे. नेपाळातल्या संस्थेला परदेशी मदत घ्यायची असेल तर समाज कल्याण परिषदेकडून प्रकल्प मंजूर करून घ्यावा लागतो. ‘आमच्याकडे तसलं काही लागत नाही’ असं म्हणणाऱ्या संस्थेशी आम्ही पुढचं बोलतच नाही.

रोकड कुणाच्या हाती देत नाही, घेतही नाही. पशुपतिनाथाला जाणारे ओळखीचे लोक ‘देतो की पोचवून’ म्हणतात. त्यांना दर्शन घेऊन सुखरूप परत या म्हणतो.

करसवलतीची ८०जीची पावती मिळेल का?

नाही.

कारण सांगतो, कारण यावर बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यात कलम ११(१)(सी) प्रमाणे धर्मादाय संस्थेनं भारताबाहेर केलेल्या खर्चाला आपोआप सूट मिळत नाही. ज्या आंतरराष्ट्रीय कल्याणात भारताला स्वारस्य आहे अशा कामासाठी, आणि तेही केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं आदेश काढला तरच मिळते. तो नसेल तर तेवढ्या उत्पन्नावर कर. आम्ही कर भरून पाठवतो आणि सवलतीचं आमिष दाखवून देणगी मागत नाही. परदेशातल्या संस्थेला तुम्ही थेट पैसे दिलेत तरी इथे वजावट मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्यानं कलमांचे क्रमांक बदललेत. जुन्या क्रमांकावरून भांडू नका.

करसवलत ही तुमची अट असेल तर इथल्या एखाद्या बालसंस्थेला द्या. कोल्हापुरात चांगल्या संस्था आहेत. आम्ही मनापासून नावं सुचवू.

आमच्या कारखान्याचा सीएसआर निधी, म्हणजे कंपनीनं समाजकामासाठी द्यायचा पैसा, घ्याल का?

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या मंडळींकडून हे दर मार्च महिन्यात येतं. सीएसआरच्या नियमांत भारताबाहेरचं काम धरलं जात नाही. अपवाद फक्त देशाचं किंवा राज्याचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. त्यामुळे नाही.

मुलगा अमेरिकेत आहे, त्यानं पाठवले तर?

त्याचा पासपोर्ट कुठला, त्यावर आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसानं आपल्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी होते आणि त्यासाठी परकीय देणगी कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी लागते. त्या नोंदणीला संस्था तीन वर्षं जुनी हवी, त्या काळात कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा, आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतात. आमची ती नोंदणी नाही. म्हणून असे पैसे आम्ही घेत नाही. ते आईच्या खात्यात टाकून आईच्या नावानं द्यायचे, ही युक्तीही नको. कायद्यात अडकेल ती संस्था, आणि बंद पडेल ती मुलांची मदत.

पैसे खरंच मुलापर्यंत पोचतात हे कशावरून?

शाळेचे पैसे शाळेच्या खात्यात, गणवेशाचे शिंप्याच्या बिलावर, घरखर्च सांभाळणाऱ्याच्या बँक खात्यात. मुलाच्या हातात किंवा कार्यकर्त्याच्या खिशात काही नाही.

पावत्या गमतीशीर असतात. समजा पावतीवर मिती लिहिलीय २०८१ वैशाख १८ आणि रक्कम ४,८००. आमच्या इथल्या हिशेबनीसाला पहिल्यांदा वाटतं की तारीख चुकली. ते विक्रम संवतातलं वर्ष आहे. तारीख होते ३० एप्रिल २०२४, आणि रक्कम आपले ३,००० रुपये. नेपाळचं आर्थिक वर्ष जुलैच्या मध्याला, साउन महिन्यात सुरू होतं, शाळेचं वैशाखात आणि आपलं एप्रिलमध्ये. तीन वर्षं तीन ठिकाणी तुटतात. म्हणून प्रत्येक पावतीमागे पेन्सिलीनं इंग्रजी तारीख आणि भारतीय रक्कम लिहायची, मगच ती फाइलला लावायची, असा नियम आहे. लिपी देवनागरीच असल्यानं पावती आपल्याला वाचता येते, हा मोठा फायदा. दुसऱ्या देशात काम करणाऱ्यांना दुभाषा लागतो.

पावती खोटीही असू शकते. म्हणून घरभेट. साथी संस्थेची कार्यकर्ती न कळवता जाते, आजीशी गप्पा मारते, आणि सहज मुलाची वही मागते. वहीतली शेवटची तारीख बघते. पावती चैत्रापर्यंतची आणि वहीतलं शेवटचं पान माघातलं, म्हणजे मूल शाळेत जात नाही, मग रजिस्टर काही सांगो. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी बसलेलं असतं, किंवा कुणाबरोबर भारतात कामाला आलेलं असतं. तेव्हा आम्ही पैसे तोडत नाही, आधी कारण काढतो.

तुमचा प्रशासन खर्च किती? सगळे पैसे मुलांना का जात नाहीत?

ही वही तपासणारी बाई पगार घेते. डोंगर चढून जाते, जीपचं भाडं देते. हिशेबनीस, लेखापरीक्षक, बँकेचे आकार. हे सगळं प्रशासनातच मोडतं. ‘शंभर टक्के रक्कम मुलांना’ असं छापणाऱ्या संस्थेला आम्ही एकच विचारतो, मग तपासतं कोण? आमचं वार्षिक पत्रक ऑफिसात बघायला मिळतं. खर्चाची प्रत्येक बाब वेगळी दाखवलेली आहे. ट्रस्टी मानधन घेत नाहीत, आणि नेपाळला जायचं तिकीट स्वतःचं काढतात.

मुलाचा फोटो आणि नाव मिळेल का? व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता येईल का?

नाही. वर्षातून एकदा मुलाची इयत्ता, तब्येत, काय नवीन शिकलं हे कळवतो. नाव बदललेलं असतं, गाव लिहीत नाही. मुलाला पत्र लिहायचं तर आमच्या ऑफिसात द्या. आम्ही वाचूनच पुढे पाठवतो.

काही जण दुखावतात. ‘आम्ही काय चोर आहोत?’ तुम्ही नसालच. पण हजारात एक असतो, आणि तो कपाळावर लिहून येत नाही. शिवाय आपला फोटो परगावच्या कुणाच्या तरी स्टेटसला ‘अनाथ मुलगी’ म्हणून लागलाय, हे त्या पोरीला पंधराव्या वर्षी कळलं तर? तुमच्या घरातल्या मुलीचा असा लावाल का? आपल्याकडे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. नेपाळातल्या मुलाला आम्ही वेगळा नियम लावत नाही.

भेटायला येऊ का? मुलगी बारावी झालीय, महिनाभर शिकवायला पाठवतो.

मुलांना भेटायला नको. साथी संस्थेचं ऑफिस बघा, हिशेब बघा, मुख्याध्यापकांशी बोला, ती व्यवस्था करून देतो.

महिनाभर लळा लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांमुळे मुलांचं नुकसान होतं, आणि पाहुण्यांच्या पैशासाठी आश्रम मुलं जमवतात. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याच्या चर्चेत अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीला उघड नाव मिळालं, तेव्हापासून परदेशी स्वयंसेवकांच्या या सहलींकडे जग वेगळ्या नजरेनं बघू लागलंय. मुलीला शिकवायची हौस असेल तर इथल्या महापालिकेच्या शाळेत वर्षभर, दर शनिवारी जाऊ दे. एका शाळेत, एका वर्गात, न चुकता.

जुने कपडे, खेळणी, गूळ, कोल्हापुरी चप्पल पाठवली तर?

२०१९ च्या महापुरानंतर आपल्याकडे आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग आठवा. त्यातलं किती उपयोगी पडलं? इथून डोंगरापर्यंत वाहतूक, सीमेवरचा कस्टम, आणि तिथं पोचल्यावर मापात न बसणारे शर्ट. तेवढ्या भाड्यात तिथला शिंपी नवे गणवेश शिवून देतो आणि त्याचीही चूल पेटते. चप्पल तर बर्फाच्या वाटेवर घालून दाखवा. गुळाला मात्र आमची ना नाही. तो ऑफिसात आणून दिलात तर कार्यकर्ते चहाला वापरतील.

नेपाळातलं मूल दत्तक घेता येईल का?

आमच्यामार्फत नाही. आंतरदेशीय दत्तकविधानाच्या १९९३ च्या हेग करारात भारत २००३ पासून आहे. नेपाळनं २००९ मध्ये सही केली, पण पुढची मान्यता दिलेली नाही. आम्ही या वाटेला जात नाही. इथे मूल दत्तक घ्यायचं असेल तर केंद्र सरकारच्या ‘कारा’च्या पोर्टलवर नाव नोंदवा. दवाखान्यातून, ओळखीतून मूल घेऊ नका, तो गुन्हा आहे.

मुलाशी गैरवर्तन झालं तर काय करता?

आधी मूल सुरक्षित, मग पोलिस, मग देणगीदारांना काय सांगायचं याचा विचार. हा क्रम लिहून भिंतीला लावलाय. घरभेटीला एकटा माणूस जात नाही, मुलाला एकट्यानं खोलीत बोलवत नाही, प्रत्येक कार्यकर्त्याची पोलिस पडताळणी होते. नेपाळातही मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८ च आहे. प्रत्येक मुलाच्या दप्तरात तो चिकटवलेला असतो. संस्थेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण घरात मिटवणं आम्हाला मान्य नाही, मग तो माणूस कितीही जुना असो.

आम्हालाही अशी संस्था काढायची आहे. सुरुवात कुठून?

आधी विचारा, काढायलाच हवी का? चालू असलेल्या संस्थेत दोन वर्षं काम करा. तरी वाटलं तर पुढचं.

सोसायटी कायदा १८६० खाली किमान सात सभासद लागतात. मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी. कोल्हापुरात सात माणसं जमवणं अवघड नाही, वार्षिक सभेला त्यांना आणणं अवघड. भारताबाहेर काम करायचं असेल तर ते संस्थेच्या घटनेच्या उद्देशांत पहिल्याच दिवशी लिहा. नंतर उद्देश बदलणं फार किचकट आहे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्या. यात उशीर झाला तर तो पुढे बँकेत, वारसाहक्कासारख्या भांडणात, सगळीकडे आडवा येतो. इतिवृत्त हातानं लिहा, सह्या त्याच दिवशी घ्या. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत लेखापरीक्षण अहवाल.

परदेशातली साथी संस्था निवडताना तिची नोंदणी, तीन वर्षांचे हिशेब आणि बालसंरक्षण धोरण मागा. तिच्या कार्यकारिणीत एकाच घरातली किती नावं आहेत ते बघा. हा प्रश्न स्वतःच्या संस्थेलाही विचारा. आणि मराठी मंडळाच्या ओळखीवर जाऊ नका. ओळख असणारा माणूस चांगला असतो, पण तो हिशेब तपासत नाही.

संस्था बंद पडली तर मुलांचं काय?

चालू मुलांचा एक वर्षाचा खर्च वेगळ्या मुदत ठेवीत आहे. तिला हात लावायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. मूल नवीन घेताना ते दहावीपर्यंत, म्हणजे त्यांच्या एसईई परीक्षेपर्यंत झेपेल का, याचा हिशेब आधी मांडतो, म्हणूनच यादी हळू वाढते आणि देणगीदार कुरकुरतात. संस्था विसर्जित झालीच तर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, सारख्याच उद्देशाच्या संस्थेकडे जाते. पुढच्या वर्षी मदत देता येणार नसेल तर शाळेचं वर्ष संपायच्या किमान सहा महिने आधी साथी संस्थेला आणि पालिकेला लेखी कळवायचं, हे करारातलं कलम आहे.